तोंडाचा कर्करोग : उपचारांचा क्रम आणि दिवसांचा हिशेब

तुकडा तपासायला पाठवला, रिपोर्ट आला, की घरात पहिला प्रश्न निघतो : ऑपरेशन करायचे, शेक घ्यायचा की केमो? धाराशिव जिल्ह्यातल्या कितीतरी ओसऱ्यांवर हा प्रश्न मी ऐकला आहे. तो विचारणाऱ्याच्या मनात तीन वेगळे रस्ते असतात आणि त्यांतला एक धरायचा असतो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांतले या विषयावरचे शोधनिबंध वाचत गेलो तेव्हा लक्षात आले, की बहुतेक रुग्णांच्या बाबतीत हे तीन रस्ते नसून एकाच रस्त्यावरचे तीन मुक्काम आहेत. त्यांचा क्रम ठरलेला आहे आणि दोन मुक्कामांमध्ये किती दिवस जावेत हेही ठरलेले आहे. उपचार कोणता, याइतकेच तो किती दिवसांत पुरा झाला याला महत्त्व आहे. आपल्या जिल्ह्याची खरी अडचण या दुसऱ्या गोष्टीत आहे.

बार्शीची नोंदवही

कर्करोगाच्या जागतिक संशोधनात या भागाचे नाव नवे नाही. भारतातली ग्रामीण भागातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९८७मध्ये बार्शीला सुरू झाली. तिच्या कक्षेत सोलापूर जिल्ह्यातला बार्शी आणि आपल्या जिल्ह्यातले परंडा व भूम असे तीन तालुके घेतले गेले. शहरातली नोंदणी रुग्णालयांच्या कागदांवर चालते. इथे कागदच नव्हते, कारण अनेक रुग्ण रुग्णालयापर्यंत पोचतच नसत. म्हणून नोंदणीचे कर्मचारी गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, लक्षणे समजावून सांगितली, संशय आला त्याला तपासणीला यायला राजी केले. मोजणीचे काम करता करता जागृतीचेही काम झाले.

या अनुभवावर १९९९पासून उस्मानाबाद जिल्ह्यात (तेव्हा नाव तेच होते) गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची मोठी चाचणी झाली. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ती केली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया तिच्यात होत्या. एचपीव्ही या विषाणूची आयुष्यात एकदा केलेली तपासणीसुद्धा या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते, हा तिचा निष्कर्ष २००९मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर त्याची दखल घेतली गेली.

हाच विषाणू युरोप-अमेरिकेत घशाच्या कर्करोगाचेही मोठे कारण ठरला आहे. आपल्याकडे मात्र तोंडाच्या कर्करोगामागे मुख्यतः तंबाखू असते. कुणी चुना लावून ती गालात धरतो, कुणी मावा-गुटखा खातो, बायका भाजलेल्या तंबाखूची मिसरी दातांना लावतात. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे, हे पानटपरीकडे पाहून कळत नाही. ज्या जागी ऐवज धरायचा, तिथेच रोग उगवतो. म्हणून पाश्चात्त्य पुस्तकांत जिभेचा कर्करोग आधी येतो आणि आपल्या वॉर्डात गालाच्या आतला नि हिरडीचा. आधी पांढरा किंवा लाल चट्टा पडतो, सुपारीवाल्यांचे तोंड उघडेनासे होते, उभी तीन बोटे आत जात नाहीत. हे बघायला यंत्र लागत नाही, बॅटरी लागते. केरळात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी अशीच तोंडे तपासली. २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत तंबाखू किंवा दारूचे व्यसन असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी आढळले.

पहिला मुक्काम : शस्त्रक्रिया

तोंडाच्या कर्करोगात बहुधा सुरुवात शस्त्रक्रियेने होते. (स्वरयंत्राचे तसे नाही. १९९१च्या एका अमेरिकी चाचणीत आधी केमो आणि मग शेक दिल्यावर सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांचे स्वरयंत्र वाचले आणि आयुष्यही कमी झाले नाही.) गालातली गाठ काढताना भोवतीची निरोगी दिसणारी कडाही काढावी लागते, कधी जबड्याचे हाडही. उरलेली पोकळी छातीच्या स्नायूने किंवा पायाच्या नडगीशेजारच्या बारीक हाडाने भरून काढतात. चेहरा पूर्वीसारखा राहत नाही, हे खरे. पण गिळता आणि बोलता येणे हा या दुरुस्तीचा मुख्य हेतू असतो.

मानेचा प्रश्न अधिक नाजूक. रोग लहान असेल आणि मानेत हाताला गाठ लागत नसेल, तर मानेतल्या लसिकाग्रंथी काढाव्यात की वाट पाहावी? हा वाद अनेक दशके चालला. त्याचे उत्तर टाटा रुग्णालयात मिळाले. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच ग्रंथी काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. वाट पाहिलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते. म्हणजे दर आठ जणांची मान आधीच साफ केली तर त्यातला एक मृत्यू टळतो. सूक्ष्म रोग आधीच निघून जातो, हे याचे एक कारण. दुसरे, थांबलेल्यांपैकी ज्यांच्या मानेत रोग उठतो त्यांचा तो बहुधा पुढे गेलेला असतो. 'दर महिन्याला दाखवायला या' हे वाक्य परळमध्ये राहणाऱ्याला वेगळे ऐकू येते आणि चारशे किलोमीटरवरच्या कळंब-वाशीच्या माणसाला वेगळे.

दुसरा मुक्काम : शेक

रोग लवकरचा असेल तर पुष्कळदा शस्त्रक्रियेवर काम भागते. पुढे गेलेला असेल तर जखम भरली, की साधारण सहा आठवड्यांच्या आत विकिरणोपचार सुरू व्हावा लागतो. लोक त्याला शेक म्हणतात, आणि त्या शब्दाने थोडा घोटाळाही होतो. शेकाने दुखणे हलके होते. जास्त झाला तर एखादा दिवस चुकवावा, असे माणसाला वाटते. प्रत्यक्षात हे किरण पेशींच्या आतल्या गुणसूत्रांवर घाव घालतात. निरोगी पेशी रात्रीत बऱ्याच सावरतात, कर्करोगाच्या पेशी कमी सावरतात. म्हणून एकदम मोठी मात्रा न देता रोज थोडी, आठवड्यातून पाच दिवस, ऑपरेशननंतर साधारण ३० वेळा देतात. ऑपरेशन नसेल तर ३३ ते ३५ वेळा. टेबलावर काही मिनिटेच जातात, पण त्या मिनिटांसाठी सहा-सात आठवडे रोज हजर राहावे लागते.

खाडा का चालत नाही? कारण साधारण चौथ्या आठवड्यापासून उरलेल्या रोगपेशी झपाट्याने वाढू लागतात. एच. रॉडनी विदर्स आणि सहकाऱ्यांनी १९८८मध्ये हे आकडेवारीने दाखवले : तिथून पुढे रोजच्या मात्रेचा जवळपास तिसरा हिस्सा नुसती ही वाढ भरून काढण्यात खर्च होतो. अर्ध्यावर सोडलेल्या खुरपणीत उरलेले तण मोकळ्या रानात जोमाने फोफावते, तसेच हे. उपचार एक दिवस लांबला, तर रोग जागच्या जागी आटोक्यात राहण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने घटते, असा हिशेब वेगवेगळ्या अभ्यासांतून निघाला आहे. आठवडाभर गावी जाऊन आलेल्याचे किती गेले, ते ज्याचे त्याने मोजावे.

याची उलट बाजूही तपासली गेली आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने विकसनशील देशांतल्या केंद्रांना धरून सुमारे ९०० रुग्णांवर चाचणी केली. मात्रा तीच, शेकांची संख्या तीच. फरक एवढाच, की एका गटाला आठवड्याला पाच शेक दिले, दुसऱ्याला सहा. उपचार आठवडाभर आधी संपला. पाच वर्षांनी रोग आटोक्यात असलेल्यांचे प्रमाण ३० टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले. त्यासाठी नवे औषध लागले नाही, नवे यंत्र लागले नाही. बदलले ते कॅलेंडर.

या काळात शरीर परीक्षा पाहते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलते, भाकरीचा घास जळतो, चव जाते, लाळ आटते. नव्या तंत्राने लाळग्रंथी बऱ्याच वाचवता येतात, पण त्रास होतोच. खराब दात आधीच काढून घ्यावे लागतात. नंतर काढले तर किरण लागलेले जबड्याचे हाड भरून येत नाही. वजन उतरू लागले की नाकातून नळी घालतात. नळी म्हणजे शेवट, असा समज गावात आहे आणि नळी घालायची म्हणून शेक सोडून आलेली माणसे मी पाहिली आहेत. ती नळी उपचार पुरा करता यावा म्हणून असते.

तिसरा मुक्काम : औषध

केमोचे नाव मोठे असले तरी बरे करण्याच्या बेतात तिचे काम बहुधा जोडीचे आहे. गाठीचे कवच फुटून रोग बाहेर आला असेल किंवा कापलेल्या कडेला रोग सापडला असेल, तर शेकाबरोबर सिस्प्लॅटिन देतात. त्याने किरणांचा घाव खोल बसतो. तीन आठवड्यांतून एकदा मोठा डोस द्यावा की दर आठवड्याला लहान? आठवड्याचा डोस सोयीचा, म्हणून तोच रूढ झाला होता. टाटा रुग्णालयाच्या डॉ. वनिता नरोन्हा आणि सहकाऱ्यांच्या २०१८च्या चाचणीत ३०० रुग्णांना दोन्ही पद्धतींत विभागले. दोन वर्षांनी मोठ्या डोसच्या गटात ७३ टक्क्यांचा रोग आटोक्यात होता, ३० मिलिग्रॅमच्या साप्ताहिक डोसच्या गटात ५८.५ टक्क्यांचा. पुढे जपानी चाचणीत ऑपरेशननंतरच्या रुग्णांमध्ये ४० मिलिग्रॅमचा साप्ताहिक डोस मोठ्या डोसला कमी ठरला नाही. म्हणजे दोष आठवड्याचा नव्हता, मात्रेचा होता. मूत्रपिंड किंवा कान कमजोर असलेल्यांना सिस्प्लॅटिन देता येत नाही. त्यांना डोसिटॅक्सेलचा उपयोग होतो, हेही टाटाच्याच चाचणीने दाखवले.

रोग परत आला किंवा पसरला आणि बरे होण्याची वाट बंद झाली, तरी करण्यासारखे उरतेच. डॉ. विजय पाटील आणि सहकाऱ्यांच्या २०२०च्या चाचणीत मेथोट्रेक्सेट व सेलेकॉक्सिब या घरी घ्यायच्या गोळ्या शिरेतून दिलेल्या सिस्प्लॅटिनपेक्षा सरस ठरल्या. आयुष्य सरासरी ६.१ महिन्यांऐवजी ७.५ महिने, तेही सलाइनविना आणि कमी त्रासात. २०२३मध्ये याच गटाने गोळ्यांच्या जोडीला निव्होलुमॅब हे प्रतिकारशक्ती जागवणारे महागडे औषध फक्त २० मिलिग्रॅम दिले. जगात रूढ असलेला एक डोस २४० मिलिग्रॅमचा आहे. एवढ्याशा मात्रेनेही वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. गरीब रुग्णाला नजरेसमोर ठेवून प्रश्न विचारला, की विज्ञान कुठे पोचते त्याचे हे उदाहरण.

कोयत्याचे कॅलेंडर

आता हे वेळापत्रक आपल्या जिल्ह्यावर ठेवून पाहू. दसरा-दिवाळीला सोयाबीनची रास होते. त्यानंतर भूम, परंडा, वाशी, कळंब भागातली कुटुंबे ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यातला एक आजारी पडला तर कोयता मोडतो आणि उचल अंगावर राहते. म्हणून गालातला चट्टा 'पट्टा पडल्यावर बघू' म्हणून उन्हाळ्यावर जातो. कारखाने बंद होऊन माणसे परतेपर्यंत चट्ट्याची गाठ झालेली असते. ऑपरेशन करून घेतले तर सहा आठवड्यांच्या शेकाच्या वेळी पेरणी आडवी येते.

महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेतून ऑपरेशन, शेक, केमो यांचा खर्च निघतो, ही मोठीच गोष्ट आहे. बुडालेल्या मजुरीचे, सोबत राहणाऱ्याच्या पोटाचे, दोन महिन्यांच्या खोलीचे गणित मात्र घराला मांडावे लागते. मुंबईत दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी हे ओझे अनेकांसाठी हलके केले आहे. ज्याला बार्शी किंवा सोलापूर जवळ, त्याने शेक तिथे घेतला तरी चालते. पुरा घेतलेला जवळचा शेक अर्धवट सोडलेल्या दूरच्या शेकापेक्षा केव्हाही चांगला.

म्हणून रुग्णाच्या घरच्यांनी पहिल्या भेटीत डॉक्टरांना तीन तारखा विचाराव्यात असे मला वाटते : ऑपरेशन कधी, पहिला शेक कधी, शेवटचा शेक कधी. या तारखा घरात भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहाव्यात, मुकादमालाही सांगाव्यात. आणि त्या गावातल्या आशाताईंकडेही असाव्यात. ज्या जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त स्त्रियांच्या तपासणीचा पाठपुरावा वर्षानुवर्षे दारोदार जाऊन झाला, तिथे एका माणसाचे तीस शेक पुरे झाले की नाही, हे विचारायला कुणीतरी दारात जाणे अवघड नाही. तोंडाच्या कर्करोगात तो पाठपुरावा उपचाराचाच भाग आहे.