सुंभ जळल्यावरचा पीळ

सकाळी कपात ओतताना थोडा चहा बशीत सांडतो. एवढंच निमित्त. चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा ताडकन उठतो, खुर्ची मागे ढकलतो, आईला नको ते बोलतो आणि आतल्या खोलीचं दार धाडकन आपटतो. दहा मिनिटांनी तोच मुलगा पलंगाच्या कडेवर डोकं धरून बसलेला असतो, डोळ्यांत पाणी. एमडी सोडून त्याला चार महिने झालेले असतात. बाहेर वडील दबक्या आवाजात आईला म्हणतात, "परत सुरू केलंय त्यानं. डोळे बघितलेस त्याचे?" संध्याकाळी तो अंघोळीला गेला की त्याच्या पँटचे खिसे चाचपले जातात. खिशात बसचं तिकीट असतं आणि सुटे पैसे.

उत्तेजक नशेतून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या घरी असा प्रसंग थोड्याफार फरकानं घडत असतो. नातेवाईक आले की म्हणतात, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. म्हणजे नशा सुटली, पण मूळचा आडमुठेपणा तसाच आहे. गंमत म्हणून कोणी हे म्हणत नाही. खरंच तसं दिसतं. पण हा पीळ स्वभावाचा किती आणि मेंदूत उरलेल्या जखमेचा किती, हे समजून घेतलं नाही, तर घरचे आणि तो मुलगा दोघंही चुकीच्या शत्रूशी लढत बसतात.

महाराष्ट्राला हे समजून घेणं आता टाळता येणार नाही. एमडी म्हणजे मेफेड्रोन, 'म्याव म्याव' या नावानं विकली जाणारी पांढरट पूड. फेब्रुवारी २०१५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत तिचा समावेश झाला. पुढे २०२४च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी पुणे, कुरकुंभची औद्योगिक वसाहत, सांगली आणि दिल्ली इथून मिळून १,७०० किलोहून अधिक मेफेड्रोन पकडलं. त्याची किंमत ३,५०० कोटींच्या वर सांगितली गेली. त्या पोत्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. पण जे पकडलं गेलं नाही ते कोणाच्या तरी नाकात गेलं, आणि त्यातले काही जण आता ते सोडण्याच्या धडपडीत आहेत.

एकेकाळी आपल्याकडे भीती होती ती गर्दची, म्हणजे ब्राउन शुगरची. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं ते याच गर्दच्या लाटेत. गर्द सोडणाऱ्याची 'टर्की' सगळ्यांना दिसते: अंग मोडून येतं, नाक-डोळे वाहतात, पोटात कळा येतात. त्याला किती त्रास होतोय हे वेगळं सांगावं लागत नाही. मेथ (मेथॅम्फेटामाइन), कोकेन, एमडी यांची गोष्ट उलटी आहे. ही नशा सोडलेला माणूस आधी दोन-चार दिवस नुसता झोपतो, मग सपाटून जेवतो. पंधरा दिवसांत गालांवर मांस येतं. शेजारी म्हणतात, "तब्येत सुधारली हो!" शरीर बरं दिसू लागतं, आणि म्हणूनच आत काय चाललंय याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

आत चाललेलं असतं ते असं. डोपामाइन आणि सेरोटोनिन ही मेंदूतल्या पेशींनी एकमेकींना निरोप देण्याची रसायनं. डोपामाइनमुळे एखादी गोष्ट करावीशी वाटते, तिची गोडी लागते. सेरोटोनिनचा संबंध मनाच्या स्थैर्याशी आणि रागाला आवर घालण्याशी आहे. निरोप देऊन झाला की पेशी हे रसायन परत आत ओढून घेते. त्यासाठी तिच्या भिंतीत खास दारं असतात. मेथ आणि मेफेड्रोन ही दारं उलटी फिरवतात. आतला साठा भसाभस बाहेर येतो. रात्रभर माणूस राजा असतो. असं महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं चाललं, की दारंच कमी होतात.

जपानमधल्या हामामात्सु इथल्या संशोधकांनी २००६ मध्ये हे प्रत्यक्ष मोजलं. मेथ सोडलेली बारा माणसं आणि कधीच नशा न केलेली बारा, अशा चोवीस जणांच्या मेंदूचं पेट स्कॅन त्यांनी केलं. नशा सोडलेल्यांच्या मेंदूत सेरोटोनिनची ही दारं कमी भरली. त्यांची आक्रमकताही मोजली होती. ज्यांची दारं जास्त घटलेली, त्यांचा राग जास्त. आणि जितकी जास्त वर्षं मेथ घेतलेलं, तितकी घट मोठी. बारा माणसं म्हणजे फार थोडी, आणि त्यातला कोणी मुळातच तापट नसेल असंही नाही. तरीही चहा सांडल्यावर उठलेल्या त्या मुलाला ही आकडेवारी काहीतरी सांगते. आपण वाईट आहोत म्हणूनच हे होतंय, असं मानून तो स्वतःला कोसत असतो.

लॉस एंजेलिसमध्ये एडिथ लंडन यांच्या गटानं २००४ मध्ये, मेथ सोडून चार ते सात दिवस झालेल्यांची तपासणी प्रसिद्ध केली होती. भीती आणि धोक्याची घंटा वाजवणारा मेंदूचा भाग, अमिग्डला, त्यांच्यात जास्त पेटलेला होता. भावनांवर लगाम ठेवणाऱ्या पुढच्या भागातली हालचाल मंदावलेली होती. घंटा मोठी, लगाम ढिला. कुकरची शिट्टी, फोनवर कोणाचं तरी मोठ्यानं हसणं, "कुठे होतास?" हा साधा प्रश्न, सगळं अंगावर आल्यासारखं वाटतं. त्याच्या जोडीला उदासी. क्रिकेट आवडत नाही, गाणं आवडत नाही, आईच्या हातची पुरणपोळी पानात तशीच राहते. घरचे याला तोऱ्याचं नाव देतात.

जपानला हा अनुभव जुना आहे. मेथ पहिल्यांदा तयार केलं ते जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी, १८९३ मध्ये. पुढे १९४१ पासून तिथे ते 'फिलोपॉन' या नावानं गोळ्यांच्या रूपात विकलं गेलं. कामाची आवड, असा त्या नावाचा मूळ ग्रीक अर्थ. महायुद्धात ते सैनिकांना आणि कारखान्यांतल्या कामगारांना मिळालं, आणि युद्ध हरल्यावर उरलेला साठा भुकेल्या, झोप हरवलेल्या शहरांमध्ये पसरला. अखेर १९५१ मध्ये कडक कायदा आला, आणि १९५४ या एका वर्षात ५५,००० हून अधिक लोकांना अटक झाली. मग लाट ओसरली. पण जपानी मनोविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यांत एक निराळाच रुग्ण दिसू लागला: नशा कधीच थांबवलेला, आणि तरीही एखाद्या ताणामुळे किंवा दारूच्या एका बैठकीमुळे जुना संशय, जुने भास परत आलेला. नशा थांबली तेव्हा आजार संपला, असं मानून त्याच्या घरच्यांनी कधीच सुटकेचा श्वास सोडलेला होता.

म्हणून एक गोष्ट ठासून सांगायला हवी. सोडल्यानंतर काही महिन्यांनी उसळलेला राग हा नशा परत सुरू झाल्याचा पुरावा मानू नये. उलट पुष्कळदा क्रम असा असतो: राग, मग आरोप, मग "घेतलंच आहे असं म्हणताय ना, मग घेतोच" म्हणून दाराबाहेर पडलेलं पाऊल. समुपदेशक हे सारखं ऐकतात.

दुसरी गोष्टही तितकीच ठासून. मेंदूचं कारण कळलं म्हणून मार सहन करायचा नाही. हात उगारला, वस्तू फेकल्या, तर बायकोनं, आईनं, लहान मुलांनी आधी सुरक्षित जागी जावं. समजून घेणं आणि मार खाणं यांची गल्लत आपल्याकडे फार होते, आणि ती नेहमी बाईच्याच वाट्याला येते. मुक्तांगणात रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा वेगळा गट चालतो, तो याच गरजेतून. कोणी आपल्याविरुद्ध कट करतंय असं तो म्हणू लागला, आवाज ऐकू येऊ लागले किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा सुरू झाली, तर मनोविकारतज्ज्ञाकडे त्याच दिवशी न्यावं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आहे. पोलीस केस होईल या भीतीनं पुष्कळ घरं गप्प बसतात. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या ६४अ कलमात, स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला अल्प मात्रेच्या प्रकरणात खटल्यापासून संरक्षण आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

आणि पीळ सुटतो का? बऱ्याच अंशी सुटतो. अमेरिकेत नोरा वोल्को यांनी २००१ मध्ये पाच जणांचे मेंदू दोनदा तपासले, एकदा मेथ सोडल्यानंतरच्या सहा महिन्यांत आणि पुन्हा बारा ते सतरा महिन्यांच्या संयमानंतर. डोपामाइनची दारं १६ ते १९ टक्क्यांनी वाढली होती. स्मरणशक्ती आणि हालचालींचा वेग मात्र त्या प्रमाणात सुधारला नव्हता. म्हणजे हिशेब आठवड्यांचा नाही, वर्ष-दीड वर्षाचा आहे. आपली बहुतेक घरं व्यसनमुक्ती केंद्रातल्या महिनाभराच्या मुक्कामानंतर 'बरा होऊन आला' असं समजतात, आणि दुसऱ्याच सोमवारी त्याला नोकरीच्या मुलाखतीला पाठवतात.

गर्दसाठी बदली औषधं आहेत तसं उत्तेजकांसाठी ठरलेलं एकही औषध नाही. मूळ भारतीय असलेले मधुकर त्रिवेदी यांच्या गटानं २०२१ मध्ये नालट्रेक्सोन आणि ब्युप्रोपिऑन एकत्र देऊन पाहिलं, १३.६ टक्के रुग्णांना उपयोग झाला, नुसत्या खोट्या औषधानं २.५ टक्क्यांना. फरक खरा आहे, पण तोकडा. उदासीवर औषधं आहेत, ती डॉक्टरांनी द्यावीत. नियमित व्यायामानं मेथ सोडलेल्यांच्या मेंदूतली डोपामाइन व्यवस्था सावरायला मदत होते, असं लॉस एंजेलिसच्याच आठ आठवड्यांच्या एका प्रयोगात दिसलं. दारूचा एक पेगही नको. झोपेची वेळ मोडायची नाही. आणि भांडण तापलं की वीस मिनिटं कोणी कोणाशी बोलायचं नाही, हे भांडण नसताना ठरवून ठेवायचं.

सर्वात जास्त फायद्याचा ठरतो तो तपासणीचा करार. केंद्राच्या मध्यस्थीनं लघवीच्या तपासणीचा एक वार ठरतो, समजा रविवार. साध्या पट्टीवर एमडी नेहमी दिसत नाही, म्हणून कोणती तपासणी करायची ते केंद्रातच विचारून घ्यायचं. निकाल दोघांनी बघायचा, वहीत तारीख टाकायची. बदल्यात घरच्यांनी सोमवार ते शनिवार खिसे चाचपायचे नाहीत, डोळे निरखायचे नाहीत, "घेतलंस का?" विचारायचं नाही. पहिले दोन-तीन आठवडे वडिलांना हे फार जड जातं. तो अंघोळीला जातो, पँट खुंटीवर लटकत असते, आणि ते पेपर उघडून बसतात.