आधी ड्रम मोजा

"ताई, एकाच चाकाचे लायनर द्या. बाकीचे अजून चालायलेत."

उसाचा हंगाम लागला की परभणीत जिंतूर रोडवरच्या आमच्या ट्रकच्या पार्टच्या दुकानात हे वाक्य रोज कानावर पडतं. वडिलांच्या मागे मी गल्ल्यावर बसले त्याला 19 वर्षं झाली. पहिल्याच वर्षी मी असं एका चाकाचं ब्रेक लायनर विकलं होतं. ती गाडी गंगाखेडकडे ऊस ओढायची. हबचं सील गेल्यामुळे पुढच्या उजव्या चाकात लायनरवर ग्रीस उतरलं होतं. तीन दिवसांनी ड्रायव्हर परत आला आणि झालेलं सांगितलं. गोदावरीच्या पुलाअलीकडे ब्रेक मारताच भरलेली गाडी उजवीकडे ओढली गेली. समोरून स्कूटरवर नवरा-बायको येत होते. ते वाचले, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक माझी होती. तेव्हापासून एका चाकाचं लायनर मी कुणालाही देत नाही. एका चाकात दोन शू, एकेका शूवर बहुतेक गाड्यांत दोन तुकडे, म्हणजे एका एक्सलचे आठ. आठही एकाच कंपनीचे, एकाच बॅचचे. नाहीतर दोन चाकांची पकड सारखी राहत नाही.

पाय पेडलवर पडला की टाकीतली हवा चेंबरमध्ये शिरते, चेंबरचा दांडा स्लॅक अॅडजस्टरला ढकलतो, त्याने कॅम फिरतो आणि दोन्ही शू फाकून ड्रमला आतून घासतात. 2018 साली सहाचाकी ट्रकचं एकूण वजन 16.2 टनांवरून 18.5 टनांपर्यंत वाढवायला परवानगी मिळाली. एवढं वजन थांबतं ते या घासण्यावर, आणि त्याची बहुतेक उष्णता ड्रममध्ये जाते. कापसाच्या गाठी घेऊन माळशेज उतरताना ड्रायव्हर पेडलवर पाय ठेवूनच राहिला, तर ड्रम तापून फुगतो, लायनरपासून लांब जातो, लायनरची पकडही सुटते. लोक म्हणतात, ब्रेक फेल झाला. बहुतेक वेळा त्याआधी महिनाभर कुणी स्लॅक तपासलेला नसतो. घाट उतरायचा तो लहान गिअरमध्ये. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्याला मी काउंटरवरच रागावते.

आता निवडीचं. गिऱ्हाईक लायनर मागतो, मी ड्रमचं माप विचारते. ड्रमवर कमाल व्यासाचा आकडा ओतलेला असतो. त्याच्या पुढे गेलेला ड्रम भंगारात घालायचा, लेथवर चढवायचा नाही. आत हात फिरवला की कडेला धार लागते, म्हणजे ड्रम किती झिजला ते कळतं. निळे डाग असतील तर तो फार तापलाय. केसासारख्या बारीक चिरा दिसतात. त्यातली एखादी आरपार गेली असेल तर चर्चाच नको. लेथवर ड्रम साफ करून घेतला की त्याचा व्यास वाढतो, मग जाड, म्हणजे ओव्हरसाइज लायनर लागतं. तिथे स्टॅण्डर्ड लायनर बसवलं तर ते फक्त मधोमध टेकतं, तेवढाच भाग जळतो. उलट, न झिजलेल्या ड्रमात ओव्हरसाइज घातलं तर नुसती टोकं टेकतात. आमच्या शेजारचे मिस्त्री शूला खडू फासून ड्रमात फिरवून बघतात. खडू सगळीकडे सारखा पुसला गेला पाहिजे. रिबिट ते मधून सुरू करून टोकाकडे मारत जातात, म्हणजे लायनर शूपासून उचलून राहत नाही. त्यांच्या हातचं काम बघत बसावं असं असतं.

लायनरबरोबर स्प्रिंगा बदला. त्या ढिल्या पडल्या की शू मागे येत नाही, चाक सतत घासतं आणि नवं लायनर हंगामही काढत नाही. रोलर आणि बुशही बघा. आपल्याकडे काळ्या शेतातून गाडी निघते. ड्रममागचा पत्रा तुटका असला की चिखल सरळ आत.

दोन गोष्टी हात जोडून सांगते. ड्रम उघडल्यावर आतली भुकटी हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसात गेलं तर कॅन्सर होऊ शकतो. ओल्या फडक्याने पुसा. आणि मागच्या चाकाचा स्प्रिंगवाला चेंबर गॅरेजमध्ये खोलू नका. आतली स्प्रिंग दाबून बसवलेली असते, सुटली तर माणूस जागेवर जातो. चेंबर बिघडला तर अख्खा बदला.

रोज सकाळी गाडी काढण्याआधी हवेच्या टाकीतलं पाणी सोडा. रिबिट लायनरच्या पृष्ठाला लागायची वाट बघू नका. जाडी 6 मिलिमीटरवर आली की बदला. आणि दुकानात येताना नुसता झिजलेला तुकडा गोणपाटात गुंडाळून आणू नका. एक्सलच्या दोन्ही ड्रमची मापं कागदावर लिहून आणा.