सूर्य रांगोळीचा, पृथ्वी ज्वारीची

एनएसएसचं शिबिर लागलं की ग्रामस्वच्छता, प्रभातफेरी, पथनाट्य हे ठरलेलंच. यंदा त्यातली एक दुपार गावातल्या जिल्हा परिषद शाळेला द्या. गाव कंधार-मुखेडकडचं असो की औसा-उदगीरकडचं, सामान घरात सापडेल असंच आहे: रांगोळी, हळद, लिंबू, मूठभर ज्वारी आणि लांब टेप.

चौथीच्या पोरांना आधी वहीत सूर्यमाला काढायला सांगा. बहुतेकांचे ग्रह पुस्तकातल्यासारखे एका ओळीत, खेटून, मण्यांच्या माळेसारखे येतील. चूक पोरांची नाही. खरं माप पानावर मावतच नाही, म्हणून मैदानात या.

मधोमध 45 सेंटीमीटर व्यासाचा सूर्य काढा. अंग हळदीचं, डाग बुक्क्याचे. आता पृथ्वी केवढी? अंदाज करू द्या. कुणी चेंडू म्हणेल, कुणी बोर. मग ज्वारीचा एक दाणा तळहातावर ठेवा. साधारण 4 मिलिमीटर, म्हणजे माप बरोबर! हा दाणा जातो सूर्यापासून 48 मीटरवर. चंद्र म्हणजे राजगिऱ्याचा दाणा, ज्वारीपासून साडेबारा सेंटीमीटरवर. माणूस स्वतः प्रवास करून गेलाय तो एवढाच.

गुरू लिंबाएवढा. गेरूने पट्टे ओढा, कुंकवाने तांबडा ठिपका द्या. ते गुरूवरचं वादळ आहे आणि त्याची रुंदी आपल्या ज्वारीच्या दाण्यापेक्षा जास्त आहे. लिंबू ठेवायचं 250 मीटरवर, बहुधा शाळेच्या फाटकाबाहेर. नेपच्यून तर जवळपास दीड किलोमीटरवर जातो. (ग्रह एका ओळीत मात्र ठेवू नका, वेगवेगळ्या दिशांना ठेवा. आणि जास्तीची ज्वारी खिशात असू द्या, पृथ्वी चिमणी खाते.)

सूर्यापासून दाण्यापर्यंत पोरं मिनिटभरात चालत जातील. खऱ्या प्रकाशाला तेवढ्याला आठ मिनिटं लागतात. हे ऐकून पोरं पुन्हा पळतात की नाही बघा!

1977च्या सप्टेंबरात निघालेलं व्हॉयेजर 1 या मापात आता आठ किलोमीटरच्या पुढं आहे, म्हणजे शेजारच्या गावाच्या शिवारात. सर्वांत जवळचा दुसरा तारा मात्र 13,000 किलोमीटरवर. व्हॉयेजरवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. तीत केसरबाई केरकरांची भैरवी आहे, शंभरावर चित्रं आहेत, 55 भाषांतले नमस्कार आहेत आणि त्यात आपली मराठीही आहे.

शेवटचा तास चित्रांचा. आपल्या गावाची तबकडी पाठवायची तर काय पाठवाल? लिहायचं नाही, फक्त काढायचं. 'छान, छान' म्हणत कागद गोळा करू नका, प्रश्न विचारा. कुणी बैल काढेल. ज्यानं बैल कधी पाहिलाच नाही, त्याला तो केवढा हे कसं कळणार? पोरगं जरा विचार करेल आणि बैलाशेजारी माणूस काढेल.