प्लूटोच्या वाटेवरचे गैरसमज

१९ जानेवारी २००६ रोजी ‘न्यू होरायझन्स’ यान फ्लोरिडातल्या केप कॅनव्हरलहून उडालं, तेव्हा प्लूटो अजून नववा ग्रह होता. सात महिन्यांनी प्रागमध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघटनेने ग्रहाची नवी व्याख्या मंजूर केली आणि प्लूटोची रवानगी बटुग्रहांत झाली. यान तोवर बरंच पुढे गेलं होतं. जो ग्रहच उरला नाही त्याच्याकडे एवढा खर्च करून जायचं कशाला, असा प्रश्न तेव्हापासून आजतागायत विचारला जातो.

लहान म्हणजे बिनमहत्त्वाचं, ही समजूत या प्रश्नामागे आहे. मोठे ग्रह घडताना तापले, वितळले, आतून ढवळले गेले. त्यांच्या जन्माच्या खुणा त्यातच पुसल्या. नेपच्यूनपलीकडच्या कायपर पट्ट्यात मात्र कडाक्याच्या थंडीने साडेचार अब्ज वर्षांपूर्वीचा कच्चा माल जवळपास जसाच्या तसा राखून ठेवला आहे. सूर्यमाला कशी घडली हे जाणायचं असेल, तर तिथल्या लहान वस्तूंपर्यंत पोहोचल्यावाचून गत्यंतर नाही.

आता प्रवासाबद्दल. इंजिन धडधडत ठेवून यान वर्षानुवर्षं उडत राहतं, असं चित्र सिनेमांनी मनात ठसवलं आहे. प्रत्यक्षात जवळजवळ सगळा वेग सुरुवातीलाच मिळाला. सेकंदाला सुमारे १६ किलोमीटर वेगाने निघालेल्या या यानाने नऊ तासांत चंद्राची कक्षा ओलांडली. फेब्रुवारी २००७मध्ये गुरूजवळून जाताना गुरूच्या गुरुत्वाकर्षणाने त्याचा वेग सेकंदाला जवळपास ४ किलोमीटरने वाढवला आणि प्रवासाची सुमारे तीन वर्षं वाचवली. पुढे होता तो फक्त गतीवर चाललेला प्रवास, आणि सूर्याची ओढ मागे खेचत असल्याने वेग हळूहळू कमीच होत गेला. २००७ ते २०१४ या काळात यान मधूनमधून मिळून १,८७३ दिवस झोपवून ठेवलं होतं. त्याच्या टाकीत जे थोडं इंधन होतं, ते दिशा सावरण्यापुरतं.

म्हणूनच ‘इतक्या दूर गेलं, तर तिथे थांबलं का नाही?’ या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. प्लूटोजवळून ते सेकंदाला सुमारे १४ किलोमीटर वेगाने गेलं. तो वेग मारायला लागणारं इंधन वाहून न्यायचं, तर अवघ्या ४७८ किलोंच्या या यानाचं वजन कितीतरी पटींनी वाढलं असतं. प्लूटोचं गुरुत्वाकर्षण इतक्या वेगवान यानाला धरून ठेवायला अपुरं, आणि हवाही इतकी विरळ की तिच्या घर्षणाने वेग उतरवणं शक्य नाही. साडेनऊ वर्षांच्या प्रवासाचं फळ काही तासांतच पदरात पाडून घ्यायचं होतं.

लघुग्रहांच्या पट्ट्याबद्दलची भीतीही अशीच पडद्यावरून आलेली आहे. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये दगडांची दाटी आहे आणि यान त्यांतून नागमोडी वाट काढतं, असं अनेकांना वाटतं. त्या पट्ट्यातलं सगळं वस्तुमान एकत्र केलं, तरी चंद्राच्या पाच टक्केही भरत नाही. न्यू होरायझन्सच्या वाटेत लघुग्रह शोधण्यात आला, तेव्हा हाती लागला तो ‘एपीएल’ नावाचा एक छोटासा. जून २००६मध्ये यान त्याच्यापासून सुमारे एक लाख किलोमीटरवरून गेलं, आणि ती भेटही जवळची मानली गेली.

प्लूटोवर कायमची रात्र असते, हाही असाच एक समज. तिथे सूर्यप्रकाश पृथ्वीच्या मानाने हजारपट मंद असतो, हे खरं. पण आपला भरदुपारचा उजेड मुळात इतका प्रखर, की त्याचा हजारावा भागसुद्धा पौर्णिमेच्या चांदण्याहून शेकडो पट जास्त भरतो. प्लूटोवरच्या दुपारी पुस्तक वाचता येईल.

सर्वांत मोठा धक्का मिळाला तो ‘मेलेला बर्फाचा गोळा’ या कल्पनेला, आणि तो खुद्द शास्त्रज्ञांनाही बसला. १४ जुलै २०१५ रोजी यान साडेबारा हजार किलोमीटरवरून गेलं आणि आपल्या चंद्राहूनही लहान अशा या जगावर पाण्याच्या बर्फाचे सुमारे साडेतीन किलोमीटर उंचीचे डोंगर दिसले. नायट्रोजनच्या बर्फाच्या हिमनद्या वाहताना दिसल्या. ‘स्पुटनिक प्लॅनिशिया’ या विस्तीर्ण मैदानावर एकही आघातविवर सापडलं नाही. म्हणजे तो पृष्ठभाग आजही नव्याने घडतो आहे. क्षितिजावर निळसर धुक्याचे थर होते. सूर्यापासून इतकं दूर असलेलं, उणे २३० अंशांच्या आसपास गोठलेलं जग आतून अजून सक्रिय असेल, याची अपेक्षा फार थोड्यांना होती. या विरळ हवेचा मागोवा पृथ्वीवरूनही घेतला जातो, आणि त्यात भारताचाही वाटा आहे. ६ जून २०२० रोजी प्लूटोने एक तारा झाकला, तेव्हा उत्तराखंडमधल्या देवस्थळच्या दुर्बिणींनी ते पिधान टिपलं आणि त्यावरून तिथला हवेचा दाब काढण्यात आला.

ही सगळी छायाचित्रं त्याच दिवशी थेट आली, असं बातम्यांवरून वाटलं असेल. भेटीच्या ऐन वेळी यान पूर्ण गप्प होतं. त्याची अँटेना आणि कॅमेरे सांगाड्याला पक्के जोडलेले आहेत; बघायचं असेल तर बोलता येत नाही, बोलायचं असेल तर बघता येत नाही. पुढे सेकंदाला एक-दोन हजार बिट इतक्या मंद गतीने माहिती उतरवायला ऑक्टोबर २०१६ उजाडला. जेमतेम सव्वासहा जीबी माहितीला पंधरा महिने लागले. पृथ्वीवरून हाताने चालवण्याचा तर प्रश्नच नव्हता, कारण संदेश एका बाजूने पोहोचायलाच साडेचार तास. भेटीच्या दहा दिवस आधी, ४ जुलैला, संगणकावर ताण पडून यान सुरक्षित स्थितीत गेलं, तेव्हा प्रत्येक प्रश्नोत्तराला नऊ तास मोजत पथकाने तीन दिवसांत त्याला रुळावर आणलं.

खरी कसोटी मात्र प्लूटोनंतर लागली. पुढचं ठिकाण यान उडालं तेव्हा कुणाला माहीतच नव्हतं. जमिनीवरच्या दुर्बिणींना आवाक्यातली वस्तू सापडेना. अखेर जून २०१४मध्ये हबल दुर्बिणीने ती शोधली. हबललाही ती एक अंधूक ठिपकाच दिसत होती. तिची जागा नेमकी कळल्याशिवाय यान तिच्याजवळ नेणार कसं? १७ जुलै २०१७ रोजी ही वस्तू एका ताऱ्यासमोरून जाणार होती. अर्जेंटिनातल्या कोमोदोरो रिवादाविया परिसरात दुर्बिणींची रांग लावण्यात आली. वारा अडवायला ट्रक आडवे उभे केले, रस्त्यावरचे दिवे मालवले, महामार्गावरची वाहतूक थांबवली. पाच दुर्बिणींतून तो तारा क्षणभर दिसेनासा झाला, आणि तेवढ्यावरून त्या वस्तूचा दुहेरी आकार कागदावर उमटला. दूरच्या मोहिमेचं यश जोरदार रॉकेटवर ठरतं असं मानणाऱ्यांनी ही रात्र जरूर आठवावी. रॉकेट यानाला वेग देऊ शकतं. लक्ष्य कुठे आहे हे त्याला सांगता येत नाही.

१ जानेवारी २०१९ रोजी, सूर्यापासून साडेसहा अब्ज किलोमीटरवर, यान तिच्यापासून ३,५०० किलोमीटरवरून गेलं. आज ती ‘अरोकोथ’ या नावाने ओळखली जाते. सुमारे ३६ किलोमीटर लांब, तांबूस, दोन भाग एकमेकांना टेकलेले. पहिल्या चित्रांत ते दोन गोळे वाटले. नंतरच्या चित्रांनी तो समजही खोडला, कारण मोठा भाग थालीपीठासारखा चपटा निघाला.

आणि इथेच सर्वांत मोलाची दुरुस्ती झाली. ग्रहांच्या घडणीची सुरुवात प्रचंड टकरांनी झाली, असं सर्रास सांगितलं जातं. टकरा नंतर झाल्याच. आपला चंद्रही तशाच एका टकरीतून जन्मला, असं मानलं जातं. पण अरोकोथच्या सांध्यावर चुरा नाही, मोठ्या भेगा नाहीत. माणूस चालतो साधारण तितक्या संथ गतीने हे दोन भाग जवळ आले आणि चिकटले. ग्रहांच्या अगदी पहिल्या विटा आपटून नव्हे, अलगद गोळा होऊन तयार झाल्या, या मताला त्यामुळे भक्कम आधार मिळाला. यान तिथवर गेलं नसतं, तर हा वाद गणितातच अडकून राहिला असता.

न्यू होरायझन्स आता सूर्यमालेबाहेर पडलं, असंही कानावर येतं. २०२४मध्ये त्याने पृथ्वी-सूर्य अंतराच्या साठपट पल्ला ओलांडला, पण सूर्याचं गुरुत्वाकर्षण ज्यांना बांधून ठेवतं अशा धूमकेतूंचा ऊर्ट मेघ त्याहून कितीतरी दूर आहे.

कायपर पट्ट्यात हजारो वस्तूंची नोंद झाली आहे. प्लूटो आणि त्याचे चंद्र सोडले, तर माणसाने जवळून पाहिलेली त्यांतली वस्तू एकच, अरोकोथ. एका नमुन्यावरून अख्ख्या पट्ट्याचा इतिहास लिहिता येत नाही. दुसरं यान पाठवायला हवं, आणि ते ठरवायला उशीर परवडणारा नाही. आज निघालेलं यानही तिथे पोहोचायला दशकभराचा काळ घेईल.