धावत्या हृदयाचा हिशेब

गल्ल्यातील रोकड दोघांनी मोजली आणि दोन वेगळे आकडे आले, तर व्यापारी मनुष्य ती पुन्हा मोजतो. मात्र टू-डी इकोचा अहवाल हाती येताच तोच मनुष्य त्यातील आकडा अंतिम मानतो. मागील वेळी ६० होते, आता ५५ आले, म्हणजे हृदय खालावले, असा हिशेब घरोघर मांडला जातो. तो बरोबर असेलच असे नाही.

हा आकडा म्हणजे डावा कप्पा प्रत्येक ठोक्यात आतील रक्तापैकी किती टक्के बाहेर ढकलतो, त्याचे माप. पडद्यावरील कप्प्याच्या कडा आखून ते काढतात. त्यामुळे एकाच रुग्णाच्या बाबतीत दोन अनुभवी डॉक्टरांच्या मापात पाच टक्क्यांचा फरक सहज पडतो. त्यात कोणाचा दोष नसतो.

श्रमाच्या वेळी ही अडचण वाढते. श्वास फुलतो, छाती हलते, फुप्फुस आड येते. मिनिटाला ७५ ठोके असताना एका ठोक्याला ०.८ सेकंद मिळतात. १५० ठोक्यांना निम्मेच. चालण्याच्या पट्ट्यावरून उतरताच रुग्णाला कुशीवर झोपवून साधारण ६० ते ९० सेकंदांत चित्रण उरकावे लागते.

लहान मुलांत तर मिलिमीटरही मोलाचा ठरतो. हृदयातून बाहेर पडणारे रक्त मोजताना महाधमनीच्या मुखाजवळील व्यासाचा वर्ग करावा लागतो. प्रौढाचा २० मिलिमीटरचा व्यास चुकून १८ धरला, तर रक्ताचा आकडा १९ टक्के कमी येतो. मुलाचा १२ ऐवजी १० धरला, तर सुमारे ३१ टक्के! शिवाय मूल वाढत असते. म्हणून त्याचे माप उंची व वजनाच्या तुलनेतच पाहावे लागते.

मग ही तपासणी निरुपयोगी का? मुळीच नाही. श्रमाने हृदयाच्या भिंतीचा एखादा भाग मंदावतो का, हे जाणत्या डॉक्टरांना त्यातून दिसते आणि ही माहिती मोलाची असते. जपून वाचायचा असतो तो एकटा आकडा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळा-अंगणवाड्यांतून जन्मजात हृदयदोषाची शंका असलेली मुले शोधतात. पुढील तपासणीसाठी बीड, परळी, गेवराईची कुटुंबे कधी अंबाजोगाईला, तर कधी लातूर, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्यास जातात. दर खेपेस यंत्र निराळे आणि हातही निराळा. म्हणून पालकांनी शक्यतो एकाच केंद्रात फेरतपासणी करावी. अहवालात नाडी, रक्तदाब, उंची, वजन आणि श्रमाचा कालावधी नोंदवून घ्यावा. केवळ कागद नव्हे, तर हलती चित्रेही जपून ठेवावीत. आणि डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारावा: "हा फरक हृदयात पडला आहे, की मोजमापात?"

उत्तर मिळेपर्यंत आकडा वाढला म्हणून औषध बंद करू नये आणि घटला म्हणून धीरही सोडू नये.