नाव ‘ट्रूथ’, आत थापाच थापा

जेफ बेक या इंग्लिश गिटारवाल्याचा पहिला अल्बम 1968 साली आला. नाव ‘ट्रूथ’. दहा ट्रॅक. आठ गाणी रॉड स्टुअर्टच्या घोगऱ्या गळ्यातली, दोन नुसती वाजवलेली. नाव एवढं सोवळं, पण आत टोपणनावं, उसन्या चाली आणि खोट्या टाळ्या असा सगळा माल ठासून भरलेला. खरीखुरी आहे ती फक्त गिटार.

श्रेयनामावलीच बघा. तीन गाण्यांखाली रचनाकार म्हणून ‘जेफ्री रॉड’ असं नाव छापलंय. असा कुणी माणूसच नाही! जेफ आणि रॉड यांनी मिळून उभा केलेला हा बनावट गृहस्थ. त्याच्या नावावरचं ‘रॉक माय प्लिमसोल’ ऐकताना बी. बी. किंगचं ‘रॉक मी बेबी’ आठवलं नाही, तर ब्लूजच्या शौकिनाने कान तपासून घ्यावेत. लंडनच्या पोरांनी शिकागोचे ब्लूज उचलून स्वतःच्या नावावर खपवणं तेव्हा राजरोस चालायचं. वाजवलंय झकास, पण उचलेगिरी ती उचलेगिरीच.

आणखी एक पडदानशीन वादक आहे. 1927 च्या ‘शो बोट’ या ब्रॉडवे संगीतिकेतलं ‘ओल मॅन रिव्हर’ इथे घेतलंय. त्यात टिंपनी घुमते, आणि वादकाच्या जागी लिहिलंय ‘यू नो हू’. हा ‘द हू’ बँडचा अवली ड्रमर कीथ मून. नाव लपवलं आणि बँडचं नाव फोडलंही!

आता या अल्बमचा हिरा, ‘बेक्स बोलेरो’. तीन मिनिटांहूनही छोटी, बिनशब्दांची चीज. रेकॉर्ड झाली मे 1966 मध्ये, लंडनच्या आयबीसी स्टुडिओत, म्हणजे अल्बमच्या दोन वर्षं आधी. फ्रेंच संगीतकार राव्हेलच्या 1928 सालच्या ‘बोलेरो’चा ठेका घेऊन जिमी पेज बारा तारांची गिटार छेडतो, बासवर जॉन पॉल जोन्स, पियानोवर निकी हॉपकिन्स आणि ड्रमवर पुन्हा तोच मून. आपल्या बँडमधल्या कुणी बघू नये म्हणून साहेब म्हणे काळा चष्मा आणि रशियन टोपी घालून आले होते. असल्या वेशात माणूस लपतो की उलट डोळ्यांत भरतो, हे त्यालाच ठाऊक. चीज मध्यावर आली की एक किंकाळी ऐकू येते आणि सगळा बाज बदलतो. ती मूनचीच. त्याच झटक्यात त्याने काठीने ड्रमवरचा मायक्रोफोन उडवला, म्हणून तिथून पुढे झांजाच जास्त वाजतात. दुसरा कुणी असता तर पुन्हा रेकॉर्ड करायला बसला असता. यांनी तसंच ठेवलं आणि उत्तम केलं. चाल कुणाची यावरून मात्र बेक आणि पेज यांच्यात कायमची जुंपली. तबकडीवर नाव पेजचं, बेक म्हणायचा की निम्मी माझी.

हीच चीज 1967 मध्ये एका सिंगलच्या मागच्या बाजूला आली होती. पुढच्या बाजूला होतं ‘हाय हो सिल्व्हर लायनिंग’, आणि ते गायला होता खुद्द बेक! इंग्लंडात गाणं चाललं, पार्ट्यांमध्ये आजही वाजतं. बेकला मात्र त्याचा इतका वीट आला की, हे म्हणजे जन्मभर गळ्यात गुलाबी टॉयलेट सीट अडकवून फिरणं, असं तो म्हणायचा. त्यानंतर गाण्याच्या बाबतीत त्याने जवळजवळ कानाला खडाच लावला. ‘ट्रूथ’वर रॉड स्टुअर्ट मिळाला यात या टॉयलेट सीटचाही वाटा असावा.

हा रॉड पुढे जगभरची स्टेडियमं भरवणार होता. पण जून 1968 मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट थिएटरमध्ये बेकचा बँड पहिल्यांदा उभा राहिला, तेव्हा स्वारीची अशी बोबडी वळली की पहिलं गाणं त्याने अँप्लिफायरच्या मागे दडून म्हटलं. याच बँडमध्ये बासवर असलेला रॉनी वूड पुढे रोलिंग स्टोन्समध्ये गिटारवर गेला.

‘यू शूक मी’च्या शेवटच्या सुराबद्दल बेकने कव्हरवरच लिहून ठेवलंय की ही माझी गिटार ओकतेय. ऐका, खरंच तसंच वाटतं. हेच गाणं काही महिन्यांनी पेजच्या लेड झेपेलिनने आपल्या पहिल्या अल्बमवर घेतलं, आणि बेकचं डोकं फिरलं. गंमत म्हणजे दोन्हीकडे ऑर्गनवर बोटं जॉन पॉल जोन्सचीच!

‘ब्लूज डी लक्स’ सात मिनिटांच्या वर चालतं, मध्ये प्रेक्षक टाळ्या-शिट्ट्यांनी डोक्यावर घेतात. प्रेक्षक कुठले? स्टुडिओत नंतर चिकटवलेले. लगेच ‘ग्रीनस्लीव्हज’ लावा. सोळाव्या शतकातली इंग्लिश चाल, अकूस्टिक गिटारवर, जेमतेम दोन मिनिटं. गिटार निर्माता मिकी मोस्टची, आणि एल्व्हिसकडे होती तसलीच, हे सांगायला बेक विसरलेला नाही. एवढ्या दणदणाटात हा तुकडा कशाला, असं काहींना वाटतं. मला विचाराल तर हाच माणूस ‘बोलेरो’त तार किंचाळवतो, याची किंमत इथेच कळते.

बेकच्या गिटारला गळा होता याचा पुरावा आपल्या घरचा आहे. 2001 च्या ‘यू हॅड इट कमिंग’वर ‘नादिया’ ही चीज आहे, ब्रिटिश-भारतीय संगीतकार नितीन सॉनीची. मूळ 1999 च्या ‘बियाँड स्किन’ अल्बमवर ती स्वाती नाटेकर गायल्यात. त्यांच्या मींडा आणि हरकती बेकने काचेची स्लाइड आणि सूर वरखाली करणारा गिटारचा दांडा वापरून उतरवल्यात. आधी नाटेकर ऐका, लगेच बेक. आणि मींडेला कोण सरस, यावर घरात भांडण लागलं तर मी नाटेकरांच्या बाजूने.