'अमेरिका फर्स्ट' म्हणजे घरी बसणं नव्हे

'अमेरिका फर्स्ट' म्हणत ट्रम्प यांनी अमेरिकेचं परराष्ट्र धोरण एकाएकी रुळावरून उतरवलं, असं सर्रास बोललं जातं. ट्रम्प यांनी मात्र २०१७ मध्येच ओव्हल ऑफिसात अँड्र्यू जॅक्सनचं चित्र लावून आपलं घराणं सांगून टाकलं होतं.

जॅक्सन १८२९ ते १८३७ या काळात अध्यक्ष होता. अभ्यासक वॉल्टर रसेल मीड यांनी २००१ मध्ये अमेरिकी धोरणाच्या चार परंपरा मांडल्या, त्यांतली एक त्याच्या नावाची. उरलेल्या तीन अशा: व्यापार वाढवणारी हॅमिल्टनची, परक्या भानगडी टाळणारी जेफरसनची आणि लोकशाहीचा प्रसार करू पाहणारी विल्सनची.

लोकानुनयी नेता आला की अमेरिका जगाकडे पाठ फिरवते? लोकानुनयी जॅक्सनची कारकीर्द पाहिली तर हे पटत नाही. नेपोलियनच्या युद्धांत अमेरिकी जहाजांचं जे नुकसान झालं, त्यापोटी अडीच कोटी फ्रँक देण्याचं फ्रान्सने १८३१ च्या करारात कबूल केलं. पुढे तिथल्या संसदेने पैसे मंजूर करायला नकार दिला. तेव्हा डिसेंबर १८३४ मध्ये जॅक्सनने फ्रेंच मालमत्ता जप्त करण्याचा अधिकार काँग्रेसकडे मागितला. फ्रान्सने पैसे मंजूर केले, पण आधी जॅक्सनच्या धमकीचा खुलासा द्या म्हणून अडून बसला. जॅक्सन माफी मागायला तयार नव्हता. अखेर ब्रिटनने मध्यस्थी केली आणि १८३६ मध्ये वसुली सुरू झाली. हा गडी घरात बसणारा नव्हे. आपला पैसा आणि आपला मान यांवर कुणी हात टाकला की उठणारा होता. इराणी सेनापती कासिम सुलेमानींना २०२० मध्ये ठार मारण्याचा ट्रम्प यांचा आदेश याच वळणाचा वाटतो.

सगळे लोकानुनयी नेते याच साच्याचे? तेही नाही. शेतकऱ्यांच्या पीपल्स पार्टीने १८९६ मध्ये ज्याला उमेदवारी दिली, तो विल्यम जेनिंग्ज ब्रायन १९०० ची निवडणूक फिलिपिन्स गिळंकृत करण्याच्या विरोधात लढला. पुढे तो परराष्ट्रमंत्री असताना जर्मनीने लुसिटानिया जहाज बुडवल्यावर अध्यक्ष विल्सन यांनी जर्मनीला कडक खलिता पाठवायचं ठरवलं. त्याने आपण युद्धात ओढले जाऊ, म्हणून ब्रायनने जून १९१५ मध्ये मंत्रिपदच सोडलं.

व्यापारातला 'आपलं आधी' हा पवित्रा रिपब्लिकनांचाच? पॅसिफिक व्यापार करारातून ट्रम्प २०१७ मध्ये बाहेर पडले खरे, पण २०१६ च्या प्रचारात हिलरी क्लिंटन आणि बर्नी सँडर्सही त्याच्या विरोधातच होते. चीनवरची ट्रम्पकालीन आयातशुल्कं बायडन यांनी बव्हंशी कायम ठेवली. विजेवर चालणाऱ्या चिनी गाड्यांवरचं शुल्क तर २०२४ मध्ये १०० टक्क्यांवर नेलं.